रासेयोचे १२० तास: कोणतं काम धरलं जातं, कोणतं नाही आणि का

वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: "मी राष्ट्रीय सेवा योजनेत (रासेयोत) आहे. पहिल्या वर्षाचे तास पूर्ण झाले. यंदा माझ्या हिशेबाने डिसेंबरपर्यंतच १२९ तास भरले होते. सरांनी डायरी तपासली आणि ५५ धरले. वस्तीतल्या मुलांना मी १६ रविवार शिकवलं, ते ३२ तास सगळेच्या सगळे गेले. कॉलेजच्या बागेतल्या कामाचेही कापले. सेवा ती सेवाच ना? मग कोणती धरायची आणि कोणती नाही, हे ठरवायचं कसं?"

तुझी यादी मी दोनदा वाचली आणि कागदावर बेरीज करून पाहिली. तुझ्या सरांचा आकडा बरोबर आहे. तू केलेलं कामही खरं आहे, त्यात कुठे फुगवलेलं दिसत नाही. तरी ७४ तास गेले. असं का झालं ते नीट सांगते, कारण यातले निम्मे तास तू वाचवू शकली असतीस आणि पुढचे तर नक्कीच वाचवता येतील. मी चार वर्षं कार्यक्रम अधिकारी, म्हणजे महाविद्यालयातलं रासेयोचं काम पाहणारी, होते, नंतर जिल्हा समन्वयक म्हणून दुसऱ्या महाविद्यालयांच्या डायऱ्या तपासल्या. चांगल्या मुलांचे तास बुडताना मी इतक्यांदा पाहिलेत की हा प्रश्न आला की मला गप्प बसवत नाही.

आधी मूळ हिशेब. प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांत २४० तास लागतात, म्हणजे वर्षाला १२०. त्याशिवाय सात दिवसांचं एक विशेष शिबिर. शिबिर हे या १२० च्या बाहेरचं आहे. "शिबिरात रोज आठ तास काम केलं, म्हणजे ५६ झाले" असं म्हणत दरवर्षी मुलं येतात आणि हिरमुसून जातात. शिबिराची अट वेगळी, तासांची वेगळी.

आता १२० ची फोड. यातले २० तास उद्बोधनाचे: योजना काय आहे, गावाचं सर्वेक्षण कसं करायचं, लोकांशी कसं बोलायचं, प्रथमोपचार, एखादं कौशल्य. महाविद्यालयाच्या आवारातल्या कामाला जास्तीत जास्त ३० तास. आणि उरलेले ७० तास दत्तक गावात, म्हणजे महाविद्यालयाने रासेयोच्या कामासाठी निवडलेल्या गावात, किंवा शहरात असाल तर दत्तक वस्तीत. ही फोड तुझ्या यादीवर ठेव. उद्बोधनाचे १४ तास तू लिहिलेस, ते १४ धरले. आवारातली स्वच्छता, बाग, झाडांना पाणी, हे तू ४४ लिहिलंस. ३० वर कात्री लागली. गणेश विसर्जनाच्या दिवशी नदीकाठी निर्माल्य गोळा केलं ते ६ आणि रक्तदान शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसलीस ते ५, हे पूर्ण मिळाले. झाले ५५. गेले ते बागेचे जादा १४, शिकवणीचे ३२, स्नेहसंमेलनाचे १८ आणि ऑनलाइन प्रश्नमंजूषांच्या पाच प्रमाणपत्रांचे मिळून १०.

बागेपासून सुरुवात करू, कारण त्यातच योजनेचा अर्थ सापडतो. ३० तासांची ही मर्यादा मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू केली. तेव्हा ४० हजार विद्यार्थी होते. विद्यार्थ्याने फाटकाबाहेर पडून लोकांमध्ये जावं आणि आपण शिकतो त्याचा त्यांच्या जगण्याशी काय संबंध आहे ते पाहावं, हा तिचा गाभा. आता मर्यादा नसती तर काय झालं असतं? शंभर धडधाकट मुलांचं एकक, म्हणजे महाविद्यालयातला रासेयोचा गट, हाताशी आहे, मैदानावर गवत वाढलंय, ग्रंथालयातली पुस्तकं दुसऱ्या मजल्यावर न्यायचीत, मूल्यांकन समितीच्या भेटीआधी फायली लावायच्यात. सगळं काम रासेयोच्या मुलांवर ढकललं गेलं असतं. मर्यादा असूनही हे होतं. एका महाविद्यालयात मी डायऱ्या चाळल्या तर सलग दोन महिने "कार्यालयीन मदत, ३ तास" एवढंच. मुलं प्रवेशाच्या हंगामात अर्ज लावत बसली होती. त्यांचा दोष काहीच नव्हता, सांगितलं ते केलं. पण ते तास मला लाल शाईने खोडावे लागले, आणि खोडताना मुलं समोर बसली होती.

म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लाव: हे काम मी केलं नसतं तर कोणाचं अडलं असतं? दत्तक गावातल्या माणसांचं अडलं असतं तर ते काम ७० मध्ये येतं. महाविद्यालयातल्या सगळ्यांच्या सोयीचं असेल, म्हणजे मैदान, झाडं, व्यसनमुक्तीची पोस्टरं, तर ३० मध्ये. फक्त कार्यालयाचं अडलं असतं तर कुठेच नाही, ते पगारी माणसाचं काम आहे. आणि आपलंच अडलं असतं तर? स्नेहसंमेलन त्यातलं. मांडव, पाहुण्यांची नोंदणी, ध्वनिक्षेपक, रात्री दोनपर्यंत जागरण, मेहनत मोठीच. पण तो आपला उत्सव, आपणच केला आणि आपणच पाहिला. तुझे ते १८ तास मीही धरले नसते.

सगळ्यात जास्त दुखणाऱ्या गोष्टीकडे, त्या ३२ तासांकडे, येते.

वस्तीतल्या मुलांना शिकवणं हे रासेयोचं काम आहे की नाही? शंभर टक्के आहे. दुसऱ्या संस्थेबरोबर मिळून केलेलं काम चालतं का? चालतं. दत्तक गावातले किंवा वस्तीतले प्रकल्प एककाने स्वतंत्रपणे करावेत किंवा इतरांच्या सहकार्याने, अशी नियमातच मोकळीक आहे. मग अडलं कुठे? तू जूनमध्ये एका संस्थेत नाव दिलंस, जुलैपासून जायला लागलीस आणि डिसेंबरात डायरीसोबत सरांना पहिल्यांदा सांगितलंस. त्या १६ रविवारी तू कुठे आहेस, कोणाच्या देखरेखीखाली आहेस, हे एककात कोणालाच माहीत नव्हतं. आधी परवानगी घ्या असं आम्ही म्हणतो तेव्हा मुलांना तो कागदी सोपस्कार वाटतो. मलाही एके काळी तसाच वाटायचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. माझ्या एककातला एक मुलगा मित्रांसोबत टेम्पोत बसून शिरोळ तालुक्यात गेला. पाणी उतरत होतं. घराघरांत गुडघाभर गाळ, फुगून बसलेल्या गाद्या, आंबलेलं धान्य, फुटलेली कपाटं. हे सगळं पाच दिवस तो फावड्याने ओढून बाहेर काढत होता. परत आला तेव्हा पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलली होती. डायरीत त्याने ४० तास लिहिले. बोलता बोलता सहज म्हणाला, "मॅडम, एका घरात भिंतीला हात लावला आणि झटका बसला, वीज चालू झालेली माहीतच नव्हती." माझ्या अंगावर काटा आला. त्याच्या आईला वाटत होतं तो कॉलेजतर्फे गेलाय. मला वाटत होतं तो घरी आहे. त्या ओल्या भिंतीपाशी त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर कोणी कोणाला कळवलं असतं? त्याच्यासोबत जबाबदार मोठं माणूस नव्हतं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नव्हतं, पायात गमबूट नव्हते.

मी त्याचे तास धरले नाहीत. आपत्तीत मदतीला जाणं हे योजनेचंच काम आहे, तरी धरले नाहीत, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. चुकलं ते दुसरंच. जूनच्या पहिल्या सभेत मी त्यांना हे सांगितलं नव्हतं. त्याने निघताना एक फोन केला असता तर मी प्राचार्यांची संमती घेतली असती, तिथल्या तहसील कार्यालयाशी किंवा एखाद्या जाणत्या संस्थेशी त्याला जोडून दिलं असतं, आणि ४० च्या ४० तास मानाने लागले असते. त्या वर्षापासून मी एककाचा एकच नियम केला: निघण्याआधी गटप्रमुखाला निरोप. कुठे जातोय, कोणाबरोबर, तिथे जबाबदार कोण, परत कधी. चार ओळी. निरोप नाही तर तास नाही. पहिले दोन महिने कुरकुर झाली, पुढे अंगवळणी पडलं.

तुझ्या सरांनी हे जुलैत सांगायला हवं होतं का? हो. ही अपेक्षा तू ठेवणं रास्त आहे आणि तसं त्यांना शांतपणे म्हणायलाही हरकत नाही. पण आता त्यांच्याकडे जाशील तेव्हा "काम किती चांगलं होतं" हे पटवायला जाऊ नकोस, त्याबद्दल त्यांना शंकाच नाही. संस्थेकडे मुलांचा आणि शिकवणाऱ्यांचा हजेरीपट असेल. त्याची प्रत घे. तिथल्या समन्वयकाचं आजच्या तारखेचं पत्र घे: ही विद्यार्थिनी या या तारखांना, इतके ते इतके, अमक्या वर्गाला शिकवत होती. हे सरांसमोर ठेव आणि विचार की यातलं काही ग्राह्य धरता येईल का. ती वस्ती तुमच्या एककाने दत्तक घेतलेली असेल, तर माझ्या अनुभवात अधिकारी बहुधा काही तास मान्य करतात. नसेल तर नाही म्हणतील, आणि तो अधिकार त्यांचा आहे. एक गोष्ट मात्र चुकूनही करू नकोस. मागची तारीख घातलेलं परवानगीपत्र. कोणी प्रेमाने "मी देतो लिहून, जूनची तारीख टाकू" म्हणेल. नको म्हण. खोट्या तारखेचा एक कागद सापडला की जिल्हा समन्वयक त्या एककाच्या शंभरही डायऱ्यांकडे संशयाने पाहतो, हे मी त्या खुर्चीत बसून अनुभवलंय.

रक्तदानाचं तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या यादीत ते आहे आणि त्यावर मला बोलायचंच आहे. काही ठिकाणी रक्त दिलं की इतके तास, असा भाव ठरलेला असतो. मी हे कधी केलं नाही. पहिल्याच वर्षी आमच्या शिबिरात एक मुलगी तपासणीच्या टेबलावरून रडत परत आली. हिमोग्लोबिन १०.८ निघालं होतं. रक्तदानाला किमान १२.५ लागतं, म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं. मला वाटलं तब्येतीची काळजी वाटून रडतेय. ती म्हणाली, "मॅडम, माझे तास गेले." आपल्याकडे कॉलेजातल्या कितीतरी मुलींचं हिमोग्लोबिन कमी असतं, कोणाचं वजन ४५ किलोच्या आत असतं, कोणी अजून अठराची नसते. तिने काय करायचं? आणि तासांसाठी रक्त द्यायचं म्हटलं की मुलं महिन्यापूर्वीच रक्त दिलंय हे लपवतात. पुरुषांनी दोन रक्तदानांत ९० दिवसांचं आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं असतं, त्याला अर्थ आहे. त्यामुळे माझ्या एककात तास मिळायचे ते शिबिराच्या कामाचे: नोंदणी, रांग लावणं, रक्त दिल्यावर माणसाला दहा-पंधरा मिनिटं झोपवून ठेवणं, चहा-बिस्किटं, चक्कर आली तर डॉक्टरांना हाक. रक्त देणं हे दान, ते डायरीत एका ओळीत अभिमानाने लिहायचं, समोर तासांचा आकडा टाकायचा नाही. त्या मुलीला मी त्याच दिवशी चहाच्या टेबलावर बसवलं आणि दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात लोहाच्या गोळ्यांसाठी नेलं. तू नोंदणीवर बसलीस, म्हणून तुझे ५ तास बिनबोभाट लागले.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते.

ऑनलाइन प्रश्नमंजूषा, शपथ, सेल्फी, यांची प्रमाणपत्रं घरी लाव, तासांत येत नाहीत. केंद्र सरकारच्या युवकांसाठीच्या माय भारत पोर्टलवर नोंदणी करायला सांगतात ती जरूर कर, पण तिथला डाउनलोड केलेला कागद म्हणजे झालेलं काम नव्हे. प्रत्यक्ष कामाला गेली असशील तर त्या कामाचे तास, कागदाचे नाहीत. प्रभातफेरी आणि रॅली धरतात, पण मी त्यात हात आखडता ठेवते. फलक धरून पाऊण तास चाललं तर एक तास लिहावा. आदल्या रात्रीपासूनचे चार लिहू नयेत.

धार्मिक कामाचं बरेच जण विचारतात. आपल्या गल्लीतल्या मंडळाची आरास, दहीहंडीचा सराव, देवळातली महाप्रसादाची पंगत, हे नाही. विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य वेगळं करणं, मूर्तिदान स्वीकारणं, पालखीच्या मुक्कामी शौचालयांची आणि कचऱ्याची व्यवस्था पाहणं, वारकऱ्यांच्या पायांना मलमपट्टी करणं, हे हो. वारीत चालणं ही तुझी भक्ती, ती मोजायची नाही. वारी पुढे गेल्यावर मुक्कामाच्या मैदानावर मागे राहून पत्रावळ्या उचलणं ही सेवा, ती मोजायची. राजकारणाचंही तसंच: नवमतदारांची नोंदणी करून देणं चालतं, कोणत्याही पक्षाच्या चिठ्ठ्या वाटणं चालत नाही, उमेदवार तुमच्याच गावचा असला तरी.

पैसे घेतले की तास संपले. सर्वेक्षणाचं मानधन मिळालं असेल तर ती नोकरी झाली, अर्धवेळ का होईना. चहा, वडापाव, एसटीचं तिकीट हे मानधन नाही. आजीला दवाखान्यात नेणं, शेजारच्या पोराचा अभ्यास घेणं, काकांच्या शेतातली कांद्याची काढणी, हे घरचं आहे. करत राहा, डायरीत नको. अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून बसणं हे फार मोलाचं काम आहे आणि कमी मुलं करतात. तीन तासांच्या पेपरला त्यांना तासामागे २० मिनिटं वाढीव मिळतात, म्हणजे तू चार तास तिथे असतेस. संस्थेमार्फत, आधी सांगून, मोबदला न घेता केलंस तर मी ते चारही तास धरले असते. आनंदवनच्या सोमनाथ प्रकल्पावर मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते, तिथे जायला मी तर मुलांच्या मागे लागायचे. पण त्याचे तास एककाच्या १२० मध्ये लावायचे का, हेही जाण्याआधी विचारायचं.

झाडांबद्दल माझं मत जरा कडक आहे. पावसाळ्यात रोप लावून फोटो काढायला अर्धा तास लागतो आणि मुलं तीन लिहितात. मी अर्धाच धरायचे. पण जानेवारीपासून मेपर्यंत दर शनिवारी दत्तक गावात जाऊन त्याच रोपांना पाणी घालणारी, कुंपणाच्या काट्या नीट करणारी मुलं असतील तर त्यांचे सगळे तास, एकही न कापता. जाण्यायेण्याचा वेळ मात्र मी कधी धरला नाही. गाव १४ किलोमीटरवर असो की ३०, काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. तुमच्या एककात वेगळी पद्धत असेल तर ती विचारून घे.

रासेयोचा बॅज तू पाहिला असशील, कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे २४ तास, स्वयंसेवक चोवीस तास सेवेला तयार आहे असा त्याचा अर्थ. कामावर असताना तो लावणं बंधनकारक आहे. बॅज घरी राहिला म्हणून मी कोणाचे तास कापले नाहीत, पण गावातली माणसं बॅज पाहून दार उघडतात. सर्वेक्षणाला बॅजशिवाय गेलेल्या मुलांना कर्जवसुलीवाले समजून हाकलल्याचं मी पाहिलंय.

आता डायरी. रोजच्या रोज नोंद करायची आणि गटप्रमुखाकडून, अधिकाऱ्याकडून वेळोवेळी पाहून घ्यायची, हे स्वयंसेवकाच्या आचारसंहितेतच आहे. प्रत्यक्षात फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत डायरी लिहिली जाते. तपासणाऱ्याला ते लगेच कळतं. सगळी पानं एकाच पेनाने, एकाच हाताच्या वळणाने, दर रविवारी "परिसर स्वच्छता, ४ तास", मध्ये दिवाळीची सुट्टीसुद्धा नाही. अशा डायरीतलं खरं कामही खोटं दिसायला लागतं. याउलट एका मुलाच्या डायरीतलं एक पान मी आजही नव्या अधिकाऱ्यांना सांगते. ऑक्टोबरचा शेवट, गावाबाहेरच्या ओढ्यावर वनराई बंधारा चालू होता. त्याने लिहिलं होतं: "आज सिमेंटची १४० रिकामी पोती मातीने भरली. सुतळी संपली म्हणून ३० पोत्यांची तोंडं सुंभाने बांधली. खालच्या दोन थरांचे सांधे एकावर एक आले होते, ते काढून विटांसारखे पुन्हा रचले. उजव्या काठाकडून पाणी झिरपतंय, उद्या तिथे चिकणमाती लावायची. सकाळी ८ ते १२." पानावर मातीचा अंगठा उमटलेला होता. त्या चार तासांना कोण हात लावेल?

माझी भाची अमेरिकेत मेरिलँडला शिकते. तिथल्या सरकारी शाळांतून बारावी पूर्ण करायची तर ७५ तासांची सेवा लागते. तिथेही नुसतं काम पुरत नाही, आधीची तयारी आणि नंतर त्यावर केलेला विचार हे सेवेचेच भाग मानतात. तिने मला विचारलं की यात लिहायचं काय असतं, तेव्हा मी तिला हे बंधाऱ्याचं पानच वाचून दाखवलं. काय केलं, किती केलं, काय बिघडलं, उद्या काय करायचं. तुझ्या शिकवणीच्या नोंदी तू "शिकवले, २ तास" अशा सोळा वेळा लिहिल्या आहेस. कोणाला भागाकार आला, कोण शाळा सोडून वीटभट्टीवर गेलं, हे त्यात यायला हवं होतं. तुला ते माहीत असणार.

आणखी एक सूचना. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला क्रेडिटची पद्धत आली आहे. अशा कामाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटच्या विषयाला ६०. अनेक महाविद्यालयांत रासेयो हाच तसा विषय म्हणून घेता येतो, आणि सामुदायिक सहभागाचा प्रकल्प हा वेगळा विषय असतो. एकच सर्वेक्षण प्रकल्पात दाखवायचं आणि रासेयोच्या डायरीतही, असं मुलं सर्रास करतात. एक तास एकाच ठिकाणी. तुला दोन्ही करायचं असेल तर सर्वेक्षण प्रकल्पाला दे आणि त्यातून निघालेलं काम, समजा शोषखड्डे खणणं, रासेयोला. एनसीसीत असलेल्या मुलांना रासेयोत घेतच नाहीत, तो प्रश्न तुला नाही.

उरलेला हिशेब करू. तुला ६५ तास हवेत. आवाराचा कोटा संपला आहे, त्यामुळे बागेकडे आता आवडीने जा, तासांसाठी नको. उद्बोधनाचे ६ राहिलेत, ते जानेवारीतल्या शिबिरपूर्व वर्गांत निघतील. राहतात ५९, आणि ते दत्तक गावातले किंवा वस्तीतलेच हवेत. सरांनी संस्थेची शिकवणी पुढच्यासाठी मान्य केली तर दहा रविवार, दोन तास शिकवणं आणि एक तास गैरहजर मुलांच्या घरी जाणं, असे ३०. दत्तक गावात पाच शनिवार श्रमदान, रोजचे ४, म्हणजे २०. पिण्याच्या पाण्याचं सर्वेक्षण ग्रामपंचायतीला हवं असतं, त्याचे ६. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन असतो, त्या दिवशीच्या नोंदणी कामाचे ३. बेरीज बरोबर ५९ होते, पण एकही दिवस चुकायला जागा नाही, म्हणून दोन शनिवार जास्तीचे हाताशी ठेव. शिबिराचे सात दिवस यात धरलेले नाहीत, हे पुन्हा सांगते.

या रविवारी शिकवायला जाण्याआधी, शुक्रवारीच, सरांना भेट. सोबत संस्थेच्या समन्वयकांनाही ने, किंवा निदान त्यांचा फोन लावून दे. दोघं एकमेकांशी बोलली की अर्धं काम होतं. आणि डायरीचं नवं पान रविवारी वस्तीतून निघण्याआधी, मुलांच्या समोर बसून लिही.